काटक पिकाची राखण

पहाटे ५:३०

बाजरीच्या पानाची खालची बाजू बघायची तर उजाडता उजाडताच. म्हणून ऑगस्टअखेरीस माझा दिवस आमच्या संशोधन केंद्राच्या रोग-प्लॉटवर सुरू होतो, गुडघ्यापर्यंत दहिवरात भिजत. पान बोटावर उलटं केलं की खालच्या अंगाला पीठ भुरभुरावं तशी पांढरी बुरशी दिसते. हा केवडा. पुढे कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका येतो तेव्हा शेतकरी त्याला गोसावी म्हणतात. रात्री हवेत ओल असली आणि पारा २० ते २५ अंशांच्या मधे राहिला, की पानाच्या पोटातली बुरशी बाहेर डोकावते, बीजाणू तयार करते आणि पहाटेच्या दमट हवेत ते सोडून देते. ऊन चढलं की सगळं सुकून जातं. नऊ वाजता आलेल्या माणसाला नुसती पिवळी पडलेली पानं दिसतात, आणि मग हा पिवळेपणा नत्र कमी पडल्याचा, लोह कमी पडल्याचा की पाणी साचल्याचा, यावर बांधावर चर्चा झडते.

हा प्लॉट आम्ही मुद्दाम आजारी ठेवतो. ठरावीक अंतरावर केवड्याला हमखास बळी पडणाऱ्या जातीच्या ओळी आधी पेरायच्या, त्यांच्यावर रोग माजू द्यायचा आणि मग मधल्या जागेत नव्या जाती पेरायच्या. संध्याकाळी तुषार लावून हवा दमट ठेवायची. पिकाला रोग व्हावा म्हणून एवढी धडपड करणारी माणसं शेतीत दुसरी नसतील. कोवळ्या रोपात जो वाचला तो बहुधा वाचतो, त्यामुळे पहिली मोजणी महिन्याच्या रोपांची आणि दुसरी निसवल्यावर. पेरणी टप्प्याटप्प्यानं केलेली असते म्हणून आज दोन्ही मोजण्या एकाच सकाळी चालल्यात. मजूर ओळीतून सरकत दोनच आकडे ओरडतो, “एकूण... आजारी”, आणि मी ते लिहीत जाते. ज्या ओळीला दुसरा आकडा सतत शून्य येतो तिच्यावर खूण करायची, पण फार खूश व्हायचं नाही.

खूश न होण्याला इतिहास आहे. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टन इथं ग्लेन बर्टन यांनी टिफ्ट २३ए ही नरवंध्य, म्हणजे जिवंत पराग न देणारी, मादी ओळ तयार केली. ती लुधियानात आली, आणि १९६५ मध्ये पैदासकार अठवाल यांच्या कामातून एचबी-१ हा आपल्याकडचा पहिला बाजरी संकर बाहेर पडला. उत्पादन असं वाढलं की त्याच मादीवर बेतलेले संकर भराभर येत गेले आणि एचबी-३ तर मैलोन्‌मैल पसरला. नर वेगवेगळे, मादी एकच. त्या मादीत केवड्याला तोंड देण्याची ताकद नव्हती. सत्तरचं दशक सुरू होता होता केवड्याची साथ आली आणि शेतंच्या शेतं गोसावी होऊन उभी राहिली. नंतर नव्या माद्या आल्या, नवे संकर आले, काही वर्षं चालले आणि पुन्हा त्यांनाही केवडा लागला.

कारण बुरशीही गप्प बसत नाही. तिचे जाड कवचाचे बीजाणू मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतात. शिवाय तिच्यात लैंगिक पुनरुत्पादन होतं, म्हणजे तिच्याही घरात दर पिढीला नवे संकर जन्माला येतात. एकच जात मोठ्या पट्ट्यात वर्षानुवर्षं पेरत राहिलो, की त्या जातीचं कुलूप उघडणारी बुरशी आपणच निवडून वाढवत असतो. बाजरी काटक पीक, तिला काही लागत नाही, असं आपण सगळेच म्हणतो. हलक्या रानात, ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर पावसात ती दाणा देते हे खरंच आहे. पण हा काटकपणा एकदा मिळाला की कायमचा, असं नसतं.

सकाळी ८:३०

पर्जन्यमापक कोरडा. चहा.

सकाळी ९ ते ११:३०

आता संकराचा प्लॉट. इथं काम करणाऱ्या बायकांना मी काही शिकवत नाही, बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच विचारून घेते.

बाजरीच्या कणसावर आधी स्त्रीकेसर बाहेर पडतात, पांढुरके, फाटे फुटलेले, अगदी बारीक. ते कणसाच्या वरच्या अंगाकडून खाली दोन-तीन दिवसांत सगळीकडे पसरतात आणि मग कुठं त्याच कणसावर परागकोश लोंबू लागतात. म्हणजे दोन दिवस हे कणीस नुसतं घेणारं असतं, देणारं नसतं. बाजरीच्या संकराची सगळी गंमत या दोन दिवसांच्या फटीत आहे, आणि तिच्या एका रोगाचीही. ते दुपारी सांगते.

मावशी ओळीतून चालतात तेव्हा त्यांची नजर पोटरीवर असते. कणीस पानाच्या आवरणातून पुरतं बाहेर यायच्या बेतात असतं, एकही केसर दिसत नसतो, तेव्हाच त्यावर बटर पेपरची पिशवी चढवायची. पिशवीचं तोंड दांड्याभोवती दुमडून स्टेपल मारायचं आणि पेन्सिलीनं तारीख टाकायची. पेन चालत नाही, दहिवरानं शाई उतरते. केसर दिसल्यावर पिशवी घातली तर वाऱ्यावरचा कुणाचाही पराग आधीच येऊन बसलेला असतो आणि पुढची सगळी मेहनत भलत्याच बापाच्या नावावर जाते. “हिला आज, हिला उद्या सकाळी,” मावशी बोटानं दाखवत जातात. माझ्या वहीतल्या निसवण्याच्या तारखांपेक्षा त्यांचा अंदाज जास्त खरा ठरतो.

परागीकरण ऊन सौम्य असेपर्यंतच उरकायचं. बापाच्या कणसावरची पिशवी दांड्यासकट वाकवायची, तिला दोन टिचक्या मारायच्या. आत पिवळी भुकटी पडते. ती पिशवी अलगद काढून आईच्या कणसावर उलटी घालायची, हलवायची, बांधायची आणि टॅगवर आईचा नंबर आधी, बापाचा नंतर. दोन जोड्यांच्या मधे हात स्पिरिटनं पुसायचे. पुसायला मावशी कधी विसरत नाहीत, नव्यानं आलेली पदव्युत्तर मुलं विसरतात.

मोठ्या प्रमाणावर संकरित बी करायचं तर असं कणसागणिक पिशव्या घालून कसं भागणार? कणसावर हजारो बारीक फुलं, प्रत्येकाचे परागकोश चिमट्यानं काढणं अशक्यच. म्हणून नरवंध्य मादी लागते. तिच्या फुलात परागकोश असतो पण त्यात जीव नसतो. ती ए ओळ. तिचं बी राखायला तिचीच सख्खी बहीण पण पराग देणारी बी ओळ, आणि संकर करताना नरपणा परत आणणारी आर ओळ. बीजोत्पादनाच्या शेतात माद्यांचे पट्टे, मधे नराच्या ओळी आणि कडेनंही नराच्याच ओळी पेरतात. शेजारच्या बाजरीपासून किमान २०० मीटर अंतर ठेवावं लागतं. एवढं करूनही माद्यांमध्ये एखादं झाड परागच देऊ लागतं. ते सकाळीच, धूळ उडायच्या आत, उपटायचं. बांधापाशी बसून गप्पा मारत दहा वाजवले तर उपटून उपयोग नाही, त्यानं तोवर शेजारणी उरकलेल्या असतात.

दुपारी १२

इथून गाडीनं पठारावरच्या एका गावात. संगमनेर-पारनेरच्या बाजूचं मुरमाड रान, वीतभर मातीखाली मुरूम. आमच्या जातींची शेतकऱ्याच्या रानातली चाचणी इथं आहे. ज्यांचं रान ते नाना बांधावर उभेच होते.

“पावसानं लई ओढ दिली, मॅडम. पोटरीत आली अन् हा बसला दडून.”

बाजरी दुपारच्या उन्हात पानं मिटून उभी होती. संध्याकाळी ती उघडली तर काळजी नाही, सकाळीसुद्धा मिटलेली दिसली तर मात्र मुळाखालचं संपत आलं असं समजायचं. नानांनी कोळपं घालून वरची माती भुसभुशीत केली होती. भेगा बुजल्या, तण निघालं, ओल जागच्या जागी राहिली. कोरडवाहूत कोळप्याला अर्धं पाणी मानतात ते उगीच नाही. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात १९३३ पासून याच ओलीच्या हिशेबावर काम चाललं आहे. उताराला आडवी पेरणी, मधे मोकळ्या सऱ्या आणि वेळेवर कोळपणी यापलीकडे जाणारी जादू अजून कुणाला सापडलेली नाही. नानांनी बाजरीच्या दोन ओळींमागे एक तूर घेतली आहे. बाजरी गेली तरी तूर डिसेंबरपर्यंत काहीतरी हातात देते.

युरियाचा दुसरा हप्ता द्यायचा राहिलाय, तो आता देऊ का, असं त्यांनी विचारलं. पाऊस पडेपर्यंत नको म्हटलं. कोरड्या मातीवर टाकलेला युरिया बराच वाया जातो, आणि उरलेल्यानं पीक वाढीला लागून होती ती ओलही पिऊन टाकतं.

बाजरीकडे दुष्काळाला द्यायला एक उत्तर असतं ते म्हणजे फुटवे. मुख्य दांडा निसवायच्या वेळी ताण पडला आणि त्याचं कणीस पोचट राहिलं, तरी मागून येणारे फुटवे पुढच्या पावसावर भरतात. ज्वारी-मक्याला ही सोय फारशी नाही. फुलोऱ्याच्या आधीच्या ताणातून बाजरी अशी सुटते. फुलोऱ्यानंतर पाऊस गेला तर मात्र फुटवेही कामाला येत नाहीत, दाणा बारीक पडतो. त्यावर एक उपाय म्हणजे पाऊस जायच्या आत उरकणारी जात. हरियाणातली एचएचबी ६७ ही ६५ दिवसांच्या आत येणारी, १९९० ची. शेतकऱ्यांना ती इतकी आवडली की जो तो तीच पेरू लागला, आणि अर्थातच केवड्यानं तिलाही गाठायला सुरुवात केली. मग हिसारच्या कृषी विद्यापीठातल्या आणि पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी डीएनएच्या खुणा धरून तिच्या जनकांमध्ये केवड्याची प्रतिकारशक्ती आणून बसवली. जात तीच, दिवस तेच, फक्त कुलूप बदललं. २००५ मध्ये ती सुधारित एचएचबी ६७ म्हणून आली. खुणांच्या मदतीनं पैदास केलेला आणि सरकारी संस्थेतून शेतकऱ्यापर्यंत पोचलेला हा देशातला पहिला संकर. आमच्या क्षेत्रात एवढी नेमकी दुरुस्ती क्वचितच जमते. जनुकं एकेकटी येत नाहीत, लटांबर घेऊन येतात.

नानांचा खरा प्रश्न वेगळाच होता. “दरसाल बी इकत घ्यायचं. घरचं धरलं तर?”

संकराचं धरू नका, पुढच्या साली उंचसखल, मागंपुढं येणारं रान होईल. पण धनशक्ती धरता येते. ती संकरित नाही, सुधारित वाण आहे. मूळ आयसीटीपी ८२०३ हा आफ्रिकेतल्या टोगोच्या गावरान बाजरीतून निवडलेला, १९८८ मध्ये आलेला. त्यातल्या जास्त लोहाच्या झाडांची निवड करून इक्रिसॅट आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं धनशक्ती काढली, २०१२ मध्ये. बी धरायचं ते शेताच्या मधल्या भागातल्या चांगल्या कणसांचं, कडेचं नाही, आणि काही वर्षांनी पुन्हा शुद्ध बी आणायचं. उत्पादन चांगल्या संकरापेक्षा कमी येतं हेही सांगितलं. नानांनी मान हलवली. त्यांचा हिशेब दाण्याबरोबर सरमाडाचाही असतो. दावणीला दोन गायी आहेत आणि बुटक्या जातीवर त्यांचं पोट भरत नाही. आम्ही मात्र वर्षानुवर्षं दाणाच मोजत आलो.

दुपारी २

नानांच्या ओसरीवर जेवण. भाकरी, मुगाची आमटी, ठेचा. वहिनींनी पीठ कालच दळलेलं. बाजरीचं पीठ आठवड्याच्या वर ठेवलं की कडू होतं, कारण दाण्यात तेल जास्त आणि ते फोडणारं विकरही तेवढंच तरतरीत. शहरात बाजरी खपायची तर पाकीटबंद पीठ टिकायला हवं, म्हणून आता कडवट न होणाऱ्या ओळींचा शोध चालू आहे. २०२३ च्या भरडधान्य वर्षात बाजरीची बिस्किटं पुष्कळ निघाली. पिठाचं हे दुखणं मात्र वर्ष सरल्यावरही जागेवरच आहे.

लोहाचा मुद्दा पुढे सरकला आहे. २०१८ पासून देशात बाजरीची नवी जात प्रसारित करायची तर दाण्यात किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त लागतं. धनशक्तीत लोह ७० च्या पुढे आहे. हे मोजायला आम्ही कणसं हातानं खुडतो, कापडी पिशवीत घेतो आणि काठीनं झोडतो. विळ्याचा गंज किंवा खळ्याची लाल माती दाण्याला लागली, तर यंत्र जमिनीचं लोह मोजून देतं.

दुपारी ४

परत केंद्रावर. आभाळ भरून आलंय. नानांसाठी बरं, फुलोऱ्यातल्या प्लॉटसाठी वाईट.

सकाळी म्हटलेली ती फट इथं येते. केसर बाहेर आहे पण पराग अजून मिळालेला नाही, अशा फुलात अरगटची बुरशी त्याच वाटेनं आत शिरते. पराग आधी पोचला तर केसर सुकतो आणि वाट बंद होते. ढगाळ, झिमझिम पावसात पराग उडत नाही आणि बुरशीला हवी ती ओल मात्र मिळते. पाच-सात दिवसांत कणसातून गुलाबीसर चिकट थेंब ठिबकू लागतात, माश्या घोंगावतात, आणि शेवटी दाण्याच्या जागी काळपट कडक गाठी तयार होतात. त्या पोटात गेल्या तर मळमळ, उलट्या, गुंगी. मादी ओळींना याचा सगळ्यात जास्त फटका बसतो, कारण त्यांना स्वतःचा पराग नाही आणि त्या शेजाऱ्याची वाट बघत बसतात. नर आणि मादी एकाच वेळी फुलणं म्हणूनच महत्त्वाचं, नुसतं दाणे भरण्यासाठी नाही.

यावर घरात होणारा उपाय पेरणीआधीचा. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवायचं, बी ओतून ढवळायचं. अरगटच्या गाठी आणि पोचट दाणे तरंगतात, ते काढून जाळायचे. खाली राहिलेलं बी साध्या पाण्यानं दोनदा धुऊन सावलीत वाळवायचं. मग केवड्यासाठी किलोला ६ ग्रॅम मेटालॅक्झिल चोळायचं आणि शेवटी जिवाणू खत. हा क्रम उलटा करणारे भेटतात. औषध आधी चोळून मग मिठात धुतलं की औषध पाण्याबरोबर गटारात.

संध्याकाळी ५ ते ६:३०

पाखरांची पाळी. आधी पेरलेल्या लवकर येणाऱ्या ओळी दुधात आल्यात आणि आसपासच्या शिवारात अजून कुठंच दाणा नाही, त्यामुळे पंचक्रोशीतल्या चिमण्या आमच्याकडे. माळ्यावर एक मावशी गोफण घेऊन उभ्या. चमकत्या फिती दोन दिवस चालतात, तिसऱ्या दिवशी चिमण्या त्यांच्यावरच बसतात. पोपट तर पिशवी फाडून संकराचा दाणा नेमका वेचतो. केसाळ कणसाच्या जातींना पाखरं जरा कमी त्रास देतात, पण त्या जाती मळणाऱ्या बायकांना नको असतात, कुसं अंगाला खाजतात. पैदासकाराच्या यादीत ‘पाखरांना नको आणि माणसांना हवी’ असा रकाना असता तर तो आजवर रिकामाच राहिला असता.

गोफणीपेक्षा मला आवाजाचाच भरवसा. मावशींची हाक दोन प्लॉट पलीकडची पाखरं उडवते.

रात्री ८

आकडे संगणकात. जोधपूरहून चालणाऱ्या अखिल भारतीय चाचण्यांचे तक्ते वेळेत भरायचे असतात. आपला दक्षिणेकडचा पट्टा ‘बी’ विभागात येतो, राजस्थानचा ४०० मिलिमीटरच्या आतला ‘ए-१’ मध्ये. तिकडची उत्तम जात इकडे केवड्यात सापडू शकते आणि इकडची तिकडे वाळून जाते. अलीकडे करपाही वाढतोय, पूर्वी त्याच्यासाठी वहीत वेगळी ओळ सोडावी लागत नसे.

साडेआठला येवल्याकडच्या एका तरुण शेतकऱ्याचा फोन. आधी फोटो पाठवला होता, कणसाच्या जागी पानांचा झुपका.

“मॅडम, फवारू काय?”

आता फवारून काही होत नाही. ती झाडं मुळासकट काढा, पोत्यात भरा, खड्ड्यात पुरा. बांधावर टाकू नका, जनावरांनाही घालू नका. शेणाबरोबर बुरशी पुन्हा रानात येईल. शेजारचे फुटवे जागा भरून काढतील. शेताचा कितवा हिस्सा आहे?

“धा झाडांत एखादं. कंपनीचं बी हाय, औषध लावलेलं लालबुंद.”

पिशवी जपून ठेवलीय का विचारलं. होती. लेबलाचा फोटो आला. ती जात आमच्या रोग-प्लॉटवर गेली काही वर्षं शून्य दाखवत आली आहे, आजही सकाळी शून्यच. बियाण्याची भेसळ असेल, नाहीतर तिकडच्या मातीतली बुरशी आमच्या बुरशीपेक्षा पुढे गेली असेल. घरबसल्या यातलं काहीच कळणार नाही. म्हणून आधीचा सल्ला मागे घेतला. झाडं उद्या उपटू नका, मी येईपर्यंत थांबा, असं त्याला सांगितलं. रोगट पानं पुसून ओल्या फडक्यात गुंडाळून बर्फाच्या पेटीतून आणायची आणि रात्रभर २० अंशांच्या दमट पेटीत ठेवायची, म्हणजे ताजे बीजाणू मिळतील. मग त्या जातीची कोवळी रोपं कुंडीत वाढवून त्यांच्यावरच ते सोडून बघायचे. त्याच्या पिशवीतलं उरलेलं मूठभर बीही लागेल.

चालकाला फोन केला. तो म्हणाला, येवल्याला जायचं तर डिझेल आत्ताच भरून ठेवतो, सकाळी पंपावर कुणी नसतं.